ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे जगायचं म्हणजे स्वतःचं डोकं वापरायचंच नाही का?

उलट, जास्तच वापरावं लागतं. आपले नियम आपण सोयीने वाकवतो: 'त्याने आधी माफी मागावी, मग मी बोलेन.' बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (5:23-24) येशू वेगळंच सांगतो. वेदीपाशी अर्पण आणलं आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. मला तरी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं हे वचन, त्याच प्रवचनातल्या शत्रूवर प्रीती करण्याहूनही अवघड वाटतं. शत्रू लांब असतो, भाऊ घरात. ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन करा, मग कळेल.

पण याचा अर्थ पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सांगतील ते मुकाट्याने ऐकणं असा नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून ठामपणे वाद घातला. आपल्या विवेकावर माणसाची सत्ता त्यांनी मानली नाही. आणि याच बाईंनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना, विधवांना केडगावला आसरा दिला, आयुष्य त्यात घातलं. ख्रिस्ताचं ऐकणं म्हणजे काय, ते मला इथे दिसतं.

खाण्यापिण्याचा, दिवस पाळण्याचा प्रश्न असेल तर बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय वाचा. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असं पौल म्हणतो. मात्र तुमच्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर ते सोडा, हेही तोच सांगतो.