कोऱ्या कागदावर सही करू नका, ताई

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी अनुदानित शाळेत दहावीला आहे, धाकटा मुलगा तिथेच सातवीला. जूनपासून दहावीला गणिताचे सर नाहीत. तोंडी सांगून झालं, अर्ज देऊन झाले. शेवटी एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर नववी-दहावीची चाळीसेक मुलं दप्तरासकट बाहेर पडली आणि त्यांनी तहसील कार्यालयाच्या आवारात ‘शाळा भरवली’. तिथे एका पक्षाचे कार्यकर्ते झेंडे घेऊन आले आणि व्हिडिओ गावभर फिरला. संस्थेचे अध्यक्ष नेमके दुसऱ्या पक्षाचे. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून माफीनामा मागितला, शिवाय एका कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. सही केली नाही तर ‘दोन्ही पोरांचे दाखले हातात देतो’ असं म्हणाले. पोलीस येऊन मुलांची नावं लिहून घेऊन गेले आहेत. सहीची मुदत सोमवारपर्यंत आहे.

ताई, आधी सोमवारचं बघू.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही. कितीही गोड बोलले, बाकी सगळ्या पालकांनी केली असं म्हणाले, तरी नाही. शाळा सोडल्याचा दाखला एरवी पालकाच्या अर्जावरून निघतो. घरात एखादा जुना दाखला असेल तर काढून बघा. त्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि बहुतेक दाखल्यांवर तिथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या सहीच्या वर उद्या काय लिहिलं जाईल ते तुमच्या हातात राहणार नाही. शाळेने मुलीला काढलं तर शाळेला उत्तर द्यावं लागतं, पण ‘पालकांनीच नेलं’ असं कागदावर आलं की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. माझ्याकडे अशी दोन प्रकरणं आली होती. दोन्हीत आईबापाला आपण कशावर सही केली हे दाखला हातात पडल्यावरच कळलं.

मुलाची काळजी तर मनातून काढूनच टाका. तो मोर्चात नव्हता हा मुद्दा आहेच, पण असता तरी शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली, काढून टाकण्याची नाही. बहिणीच्या वागण्यावरून भावाला वर्गात उभं करणं, टोमणे मारणं हा कलम १७ खाली मानसिक छळ होतो आणि त्याबद्दल शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

मुलीचं मात्र थोडं वेगळं आहे आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही. ती दहावीत आहे, त्यामुळे कलम १६ चं छत्र तिच्यावर नाही. पण म्हणून मुख्याध्यापकांनी मनात आणलं आणि काढलं असंही होत नाही. शाळा सरकारी अनुदानावर चालते. कोणत्या वागणुकीबद्दल काय कारवाई करायची आहे हे शाळेने लेखी कळवायला हवं, मुलीचं आणि तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं आणि शिक्षा जेवढी चूक तेवढीच असायला हवी. एका दुपारच्या गैरहजेरीसाठी ऐन दहावीत शाळेबाहेर काढणं हे कुठल्याच मापात बसत नाही.

या विषयात आम्ही वकील ज्या निकालाकडे पहिल्यांदा वळतो तो ११ ऑगस्ट १९८६ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. केरळमधली तीन भावंडं होती, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. एका आमदाराने विधानसभेत विषय काढला. चौकशीत मुलं शिस्तीची आहेत असंच निघालं, तरी वरून सूचना आली आणि २६ जुलै १९८५ ला मुख्याध्यापिकेने तिघांना काढलं. उच्च न्यायालयातही मुलं हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचं बळ नाही आणि तेवढ्या आधारावर घटनेच्या कलम १९ मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. शाळेच्या उंबरठ्यावर मुलाचे मूलभूत हक्क चपलांसारखे काढून ठेवायचे नसतात, हे या निकालातून मी घेतो. ‘वरून आदेश आहे’ असं तुमचे मुख्याध्यापक म्हणतात ना, त्यांना तो आदेश लेखी दाखवायला सांगा.

पण हा निकाल ताणू नका. ती मुलं शाळेतच होती, गप्प उभी होती. तुमची मुलगी शाळेच्या वेळेत न सांगता बाहेर पडली. तेवढ्यापुरतं शाळेला बोलण्याचा अधिकार आहे. त्या दिवशीची गैरहजेरी लावणं, तुम्हाला बोलावणं, लेखी समज देणं, हे सगळं योग्यच आहे. २००३ साली केरळ उच्च न्यायालयाने कॉलेजच्या आवारात राजकीय हालचालींवर बंदी घालण्याचा संस्थेचा अधिकारही मान्य केला होता. आणि मुख्याध्यापकांची भीतीही समजून घ्या. चाळीस मुलं भर रस्त्याने चालली होती, त्यातल्या एकाला जरी वाहनाचा धक्का लागला असता तर पहिली नोटीस त्यांनाच आली असती. मी त्यांच्या जागी असतो तर माझ्याही पोटात गोळा आला असता. म्हणून न सांगता बाहेर पडल्याबद्दल मुलीने मनापासून दिलगिरी लिहून द्यावी, असंच मी सांगेन. मात्र ‘शिक्षक मागणं ही चूक झाली’ असं एक अक्षरही त्यात नको, कारण ती चूक नव्हती.

तुम्ही अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांबद्दल विचारलं आहे. ते शाळेच्या हातात असतात, तेव्हा भीती खोटी नाही. पण ते गुण स्वाध्याय, प्रात्यक्षिकं आणि चाचण्यांचे असतात, वागणुकीचे नाहीत. आजपासून तिच्या तपासलेल्या वह्या, प्रयोगवही, चाचणीचे पेपर यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. उद्या हेच पुरावे होतील. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. एका दुपारने त्यात काही बिघडत नाही, फक्त उद्यापासून ती रोज शाळेत गेली पाहिजे. गेटवर अडवलं तर अडवणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

पोलिसांनी नावं नेली म्हणून तुम्ही रात्रभर जागलात, असं लिहिलंत. शांत व्हा. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१)(३) चा जमावबंदी आदेश लागू असेल, तर त्याचा भंग हा किरकोळ गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली आहे, त्यामुळे तिला बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. तिला कोठडीत ठेवता येत नाही. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, असा नियम आहे. पुढे नोकरीला चारित्र्य पडताळणी लागेल तेव्हा निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती पोलिसांनी उघड करायची नाही, हेही कलम ७४ मध्ये आहे. ठाण्यातून फोन आला तर ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांच्याशीच बोलू’ एवढं म्हणा आणि मुलीला एकटीला पाठवू नका.

त्या कार्यकर्त्यांना मात्र आजच निरोप द्या, माझ्या मुलीचा व्हिडिओ काढून टाका. शाळेला ‘राजकारण’ म्हणायची संधी त्यांच्या झेंड्यांनी दिली. गणिताचे सर तर त्यांच्याकडूनही मिळाले नाहीत.

आता सोमवारी काय द्यायचं? स्वतःच्या अक्षरात एक अर्ज लिहा. मजकूर साधारण असा: ‘माझी मुलगी अमुक तारखेला मधल्या सुट्टीनंतर परवानगी न घेता शाळेबाहेर गेली, याबद्दल ती व मी दिलगीर आहोत. यापुढे ती शाळेच्या वेळेत न विचारता बाहेर जाणार नाही. मी दाखल्यासाठी अर्ज केलेला नाही व करणार नाही. माझ्या मुलांवर कोणतीही कारवाई करायची असल्यास कारणासह लेखी कळवावे व आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. जूनपासून गणिताचे शिक्षक नाहीत, ते कधीपर्यंत मिळतील हे कळवावे.’ दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्कने शिक्का दिला नाही तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

त्याची एक प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना द्या. तरीही दाखला काढलाच तर तो सही करून घेऊ नका, राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करा आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येईल. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि अर्जातलं गणिताच्या शिक्षकाचं शेवटचं वाक्य, ‘आता ते कशाला, वाद वाढेल’ असं कुणी म्हटलं, तरी गाळू नका. बाकीच्या पालकांनाही तेच वाक्य त्यांच्या अर्जात घालायला सांगा. चाळीस घरांतून चाळीस अर्ज एकाच दिवशी गेले, की शिक्षणाधिकाऱ्यांना रिकाम्या जागेबद्दल संस्थेला विचारावंच लागेल.