पाटी नको, गिऱ्हाईक बघा: परदेशातल्या जेवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

सिंगापूरला मरीना बेजवळ उतरतोय. आई सत्तरीची, शुद्ध शाकाहारी, तिला दुपारी भात लागतोच. काय करावं? (नाशिक)

मरीना बेच्या मॉलमध्ये शोधत बसू नका. बेफ्रंट स्टेशनवरून डाउनटाउन लाइन थेट लिटल इंडियाला जाते. तिथे सेरंगून रोडवर ‘कोमला विलास’ आहे, १९४७ पासूनचं, पूर्ण शाकाहारी. दुपारी ‘मील्स’, म्हणजे दाक्षिणात्य थाळी सांगा. आपली गूळ-आमसुलाची आमटी मिळणार नाही, पण रस्सम-भातावर आईंचं निभेल. जवळच्या तेक्का सेंटरमध्ये खायला भरपूर आहे, मात्र तिथेच मासळी-मटणाचा बाजार आहे आणि शाकाहारी गाळ्याला लागूनच बिर्याणीचा गाळा असतो. आईंना चालणार नसेल तर तुम्ही एकटे जाऊन या.

लंडनमध्ये तीन ‘इंडियन’ रेस्टॉरंटांत जेवलो. भाज्या वेगवेगळ्या मागवल्या, चव एकच! असं का? (पुणे)

कारण ग्रेव्ही एकच होती. तिथली नाक्यानाक्यावरची करी हाउसं बहुतेक सिल्हेटकडच्या बांगलादेशी मंडळींनी उभी केली. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो शिजवून, वाटून सकाळीच मोठं पातेलं भरून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातले दोन डाव कढईत, वर मसाला, पाच मिनिटांत भाजी टेबलावर. कोर्मा गोड, मद्रास तिखट, विंदालू त्याहून जहाल; फरक मुख्यतः तिखटाचा. गोव्याच्या विंदालूतला व्हिनेगर तिथे शोधू नका. हे जेवण वाईट नाही, ब्रिटिशांना ते मनापासून आवडतं, पण ते त्यांचं आहे.

म्हणून मी दारावरची पाटी वाचत नाही, आत कोण बसलंय ते बघतो. शनिवारी दुपारी आजी-आजोबा, सून, नातवंडं असा अख्खा गोतावळा दिसला की खुशाल आत शिरा. त्यातही स्वयंपाकी कुठल्या गावचा ते बघून मागवा. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती फरसाण आणि ढोकळा, साउथॉलला पंजाबी छोले आणि जिलबी, टूटिंगला डोसा. डोशाच्या दुकानात पनीर मागवलंत तर तक्रार माझ्याकडे पाठवू नका. यूस्टन स्टेशनवरून सुटणारी किंवा येणारी गाडी असेल तर मागच्याच ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी मिळते. आणि अगदीच मुंबईची आठवण आली तर हाउन्स्लोला ‘श्रीकृष्ण वडापाव’ आहे.

बँकॉकला चाललोय. कांदा-लसूण खात नाही. थाई लोक ‘व्हेजिटेरियन’ म्हणतात आणि तरी माशाचा वास येतो. (सांगली)

येणारच, फिश सॉस त्यांना मांसाहार वाटतच नाही. मिठाच्या जागी तोच पडतो. ‘व्हेज’ म्हणू नका, ‘जे’ म्हणा. पिवळ्या कापडावर लाल अक्षरं, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसणारी, अशी झेंडी गाडीवर असते. या पद्धतीत मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य, शिवाय कांदा-लसूणही. बटाटा-मुळा मात्र चालतो, म्हणजे कंदमुळं वर्ज्य असतील तर विचारूनच घ्या. ताटात बदकाच्या मांसासारखं काही दिसलं तर दचकू नका, बहुधा ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या प्रथिनाचं असतं. बँकॉकच्या फाहुरात भागातल्या गुरुद्वाऱ्यात लंगर मिळतो, डोकं झाकून बसायचं, पैसे नाहीत. पण कांदा-लसणाचा नेम असेल तर तिथे जपून.

स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरमध्ये रोज रात्री पनीर आणि जीरा राइस. मुलं वैतागलीत. (ठाणे)

टूर लीडरला सांगून एका संध्याकाळी सुट्टी घ्या. रोश्टी मागवा, म्हणजे लोण्यात परतलेला बटाट्याचा कीसच. फक्त ‘बेकनशिवाय’ हे आधी सांगा. फाँड्यूत, म्हणजे वितळलेल्या चीजच्या पातेल्यात, ग्रुयेअर चीज असतं, आणि ते परंपरेने वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून बनवतात. कडक शाकाहारी असाल तर सोडा. युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर ‘बॉलीवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, तिथे थंडीत गरम डाळ बरी लागते.

दुबईत मुलाकडे दिवाळीचा फराळ न्यायचाय. चकली, करंजी, अनारसे. चालेल ना? (कोल्हापूर)

चकली खुशाल न्या. अनारसे अजिबात नकोत, त्यांना खसखस लावलेली असते! संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते आणि विमानतळावर पकडली गेली तर तुरुंगापर्यंत वेळ येऊ शकते. ‘आमच्या घरची आहे, चिमूटभरच आहे’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. करंजीचं सारण खसखशीविना करा, हवे तर तीळ घाला. आणि बरोबर मसाल्याची पुडी देणार असाल तर ती कोणी, काय घालून कुटली ते विचारा. काही घरांत गोडा मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात खसखस पडते. सिंगापूरलाही हाच नियम, तेव्हा नाशिककरांनीही डबे तपासावेत. बाकी शेव, चिवडा, फरसाण बर दुबई आणि करामाच्या दुकानांत हवं तेवढं मिळतं. बॅगेतलं वजन अनारशांऐवजी मुलाच्या कपड्यांसाठी ठेवा.