ड्रॉइंग २०१४चे, रिजेक्शन नव्या स्टँडर्डवर

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचे मशीन शॉप आहे. जर्मनीतल्या एका कंपनीला पंपाची कव्हरे पाठवली. १,२०० नग, बिल ३७,२०० युरो. तीस टक्के आगाऊ आले, २६,०४० युरो अडकलेत. ड्रॉइंग त्यांचेच, २०१४चे. टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत) ‘जनरल टॉलरन्स आयएसओ २७६८-एमके’, म्हणजे मापात किती फरक चालेल याचे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. माल ११ नोव्हेंबरला त्यांच्या गोदामात पोहोचला. २६ फेब्रुवारीला मेल आला की तो आयएसओ मागे घेतलाय, आता २२०८१ लागू आहे आणि त्यानुसार त्यांच्या कंपनी नॉर्मप्रमाणे (कंपनीच्या अंतर्गत मापदंडाप्रमाणे) फ्लॅटनेस, म्हणजे पृष्ठाचा सपाटपणा, ०.२ मिमीच्या आत हवा. आमचा ०.२८ ते ०.३३ येतो, म्हणून सगळा लॉट रिजेक्ट, वर सॉर्टिंगचे (नग निवडून वेगळे करण्याचे) ६,५०० युरो आमच्या नावे डेबिट. यातली ३४० कव्हरे त्यांनी पंपांवर बसवलीसुद्धा आहेत! पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ‘जर्मन कायदा लागू’ आणि ‘आमच्या खरेदीच्या अटी वेबसाइटवर’ अशा दोन ओळी आहेत. त्या अटींत ‘सर्व स्टँडर्डची ताजी आवृत्ती’ असे कलम आहे म्हणतात, आम्ही कधी वाचल्या नाहीत. मेलला उत्तर म्हणून आम्ही ‘सॉरी, चेक करून रिप्लेस करतो’ एवढे लिहिले. पैसे मिळतील का? डब्ल्यूटीओकडे (जागतिक व्यापार संघटनेकडे) जाता येते का?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही पाठवलेली डेबिट नोट मी बाजूला ठेवली आणि आधी ड्रॉइंग उघडले. असल्या भांडणात पहिला साक्षीदार ड्रॉइंगच असतो, आणि इथे तो तुमच्या बाजूने बोलतो.

‘एमके’ ही दोन अक्षरे दोन वेगळ्या कागदांवरून आलेली आहेत. ‘एम’ हा आयएसओ २७६८च्या पहिल्या भागातला लांबी-रुंदीच्या टॉलरन्सचा मध्यम वर्ग. ‘के’ दुसऱ्या भागातला, म्हणजे फ्लॅटनेस, काटकोन वगैरे भौमितिक टॉलरन्सचा. दोन्ही भाग १९८९चे. त्यातला दुसरा भाग २०२१मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी आयएसओ २२०८१ आले, इथवर समोरचा खरे बोलतोय. तुमच्या कव्हराचा फेस १८० मिमी व्यासाचा आहे. जुन्या दुसऱ्या भागाच्या तक्त्यात १०० ते ३०० मिमीसाठी ‘के’ वर्गाचा फ्लॅटनेस ०.४ मिमी आहे. तुमचा सर्वांत वाईट नग ०.३३. म्हणजे ड्रॉइंगवर जे लिहिले आहे त्यात माल आरामात बसतो.

मग ०.२ आले कुठून? २२०८१मधून नाही. त्या स्टँडर्डमध्ये आकड्यांचा तक्ताच नाही. जनरल टॉलरन्स किती, हे डिझाइन करणाऱ्याने ड्रॉइंगवर स्वतः लिहावे, एवढेच ते सांगते. तुमच्या ड्रॉइंगवर असा आकडा नाही. ०.२ हा त्यांच्या कंपनी नॉर्ममधला आकडा आहे, आणि तो नॉर्म तुम्हाला रिजेक्शनच्या मेलपर्यंत कुणी दाखवलेला नव्हता. समजा, नवे स्टँडर्ड लागू धरले तरी ते रिकाम्या खोक्यासारखे आहे. आत काय भरायचे ते ग्राहकाने ऑर्डर देताना भरायला हवे होते, माल मोजून झाल्यावर नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी एक छोटे कलम आहे, ते कुणी वाचत नाही. त्याचा आशय असा की वेगळे ठरले नसेल, तर जनरल टॉलरन्सच्या बाहेर गेलेला नगही, त्याने काम करायला अडथळा येत नसेल तर, आपोआप रिजेक्ट होत नाही. पहिल्या भागातही तसेच कलम आहे. म्हणून तुमच्या पत्रातली ३४० बसवलेल्या कव्हरांची ओळ मी दोनदा वाचली. तेवढे पंप चालू असतील, तर ‘वापरण्याजोगे नाही’ हे त्यांना कुठल्या तोंडाने म्हणता येईल?

आता तुमची कमजोर बाजू. ड्रॉइंगवर स्टँडर्डचे वर्ष नाही. स्टँडर्डच्या जगात वर्षाशिवाय नुसता नंबर दिला की ताजी आवृत्ती धरायची, असा रिवाज आहे, आणि त्यांचा वकील तोच पुढे करेल. त्यावर उत्तर सोपे आहे. २७६८च्या दुसऱ्या भागाची ताजी आवृत्ती कुठली? १९८९चीच. २२०८१ ही त्याची आवृत्ती नाही, ते वेगळ्या नंबरचे वेगळे स्टँडर्ड आहे. शिवाय स्टँडर्ड मागे घेतले म्हणून ते बेकायदा ठरत नाही. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था आहे, तिचे स्टँडर्ड मुळात कायदा नव्हेच. ते तुम्हाला बांधते ते करारात नंबर लिहिला म्हणून. दोन माणसांनी जुना नंबर ठरवला तर त्यांच्यापुरता तो जिवंत राहतो.

‘जर्मन कायदा’ ही ओळ वाचून आपल्याकडे लोक घाबरतात. तुम्ही घाबरू नका, इथे ती तुमच्या सोयीची आहे. आंतरराष्ट्रीय मालविक्रीबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १९८०चा एक करार आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही, जर्मनीने स्वीकारलाय. तुमच्या सौद्यात नुसते ‘जर्मन कायदा’ लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांचा करार वगळतो असे लिहिले नाही, तर जर्मन न्यायालये तो करार जर्मन कायद्याचाच भाग धरून लावतात. त्याच्या कलम ३८प्रमाणे ग्राहकाने माल शक्य तितक्या लवकर तपासायला हवा, आणि ३९प्रमाणे दोष नेमका काय ते वाजवी मुदतीत कळवायला हवे. नाही कळवले तर त्या दोषावर बोट ठेवण्याचा हक्क जातो. वाजवी म्हणजे किती हे मालावर अवलंबून असते, पण जर्मन न्यायालये ढोबळमानाने महिनाभराचा हिशेब धरतात. तुमचा माल ११ नोव्हेंबरचा, तक्रार २६ फेब्रुवारीची, म्हणजे १०७ दिवस. फ्लॅटनेस हा काही आत दडलेला दोष नाही. सरफेस प्लेटवर (तपासणीच्या सपाट पाटावर) नग ठेवून मोजणीचा डायल फिरवला की चहा निवायच्या आत कळतो.

‘आमच्या अटींत तो करार वगळलाय’ असे ते म्हणू शकतात. जर्मन कंपन्यांच्या अटींत तसे पुष्कळदा असते. तरीही त्यांच्या व्यापारी कायद्याचे कलम ३७७ उरतेच, आणि ते आणखी कडक आहे. त्यात व्यापाऱ्याने माल विनाविलंब तपासून विनाविलंब कळवायचे असते, नाही तर माल मंजूर केला असे धरतात. म्हणजे कुठल्याही दाराने आले तरी ते उशिराच पोहोचतात.

वेबसाइटवरच्या अटींचे काय? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००१मध्ये सांगितले आहे की संयुक्त राष्ट्रांच्या या कराराखाली ज्याच्या अटी आहेत त्याने त्या समोरच्याला पाठवायला किंवा हातात पडतील अशा उपलब्ध करून द्यायला हव्यात, शोधत फिरण्याचे काम समोरच्याचे नाही. तुमच्या पीओवर नुसता उल्लेख आहे, जोडपत्र नाही. म्हणून ‘ताजी आवृत्ती’वाले कलम तुमच्या सौद्यात आलेच नाही, असे म्हणायला चांगली जागा आहे. पण एक गोष्ट तपासून मला सांगा. यापूर्वीच्या एखाद्या ऑर्डरबरोबर त्या अटींची पीडीएफ आली होती का? कुणी ‘अॅक्सेप्टेड’ म्हणून परत पाठवली होती का? असेल तर चित्र बदलते.

त्यांच्या मेलमध्ये आणखी एक वाक्य आहे : ‘जर्मन उद्योगात नवे स्टँडर्ड सर्वमान्य आहे, पुरवठादाराने हे माहीत करून घ्यायला हवे होते.’ यावर मला शिंपल्यांचा खटला आठवतो. एका स्विस विक्रेत्याने न्यूझीलंडचे खाण्याचे शिंपले जर्मनीत विकले. त्यांत जर्मन मार्गदर्शक मर्यादेपेक्षा कॅडमियम जास्त निघाले. १९९५मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की ग्राहकाच्या देशातल्या मर्यादा परदेशी विक्रेत्याला ठाऊक असतीलच असे धरता येत नाही. ग्राहकाने त्या कळवल्या असतील, त्याच मर्यादा विक्रेत्याच्या देशातही असतील किंवा खास परिस्थिती असेल, तर गोष्ट वेगळी. तो निकाल सरकारी मर्यादांबद्दल होता, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सबद्दल नव्हे, म्हणून जसाच्या तसा लागत नाही. पण ‘तुला कळायला हवे होते’ या वाक्याला तो चांगला लगाम घालतो. स्वतःच्या ड्रॉइंगवर दहा वर्षे जुना नंबर ठेवणाऱ्याने तर ते वाक्य मुळीच उच्चारू नये.

तुमच्या ‘सॉरी’च्या मेलने मात्र मला थोडे अस्वस्थ केले. आपल्याकडे सॉरी म्हणणे हा शिष्टाचार आहे. कोर्टात ते कबुलीसारखे वाचले जाते. ‘रिप्लेस करतो’ हे जास्त वाईट, कारण उशिराच्या तक्रारीचा मुद्दा तुम्ही सोडून दिला, असे त्यातून काढता येते. आजच दुसरा मेल लिहा : आमचा आधीचा मेल तपासणीपूर्वीचा होता, त्यात कुठलाही दोष मान्य केलेला नाही, तक्रार मुदतीत नाही आणि माल ड्रॉइंगप्रमाणे आहे. चार ओळी पुरेत. टॉलरन्सचा तक्ता त्यात घालू नका, तो नंतर.

डब्ल्यूटीओचा रस्ता विसरा. तांत्रिक अडथळ्यांबद्दलचा त्यांचा करार सरकारांसाठी आहे. एखाद्या देशाने नवा तांत्रिक नियम आणला, तर आपले सरकार तिथे बोलू शकते. तुमच्या ग्राहकाचे ड्रॉइंग हा कुणा सरकारचा नियम नाही, आणि तुम्ही सरकार नाही.

पैशाकडे येऊ. बिलातली रक्कम कमी करून तडजोड करायची झाली, तर तुमच्या बँकेची मंजुरी लागते. नाही तर ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संगणक यंत्रणेत) ते शिपिंग बिल उघडे राहते आणि पुढच्या निर्यातीला आडवे येते. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत तुमच्या बिलाला कधी संपते ते बँकेला लेखी विचारा आणि वाद सुरू असल्याचेही लेखी कळवा. ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची) पॉलिसी असेल तर थकबाकीची सूचना वेळेत द्या. पण दर्जाबद्दल वाद असेल तर ते सहसा ग्राहकाच्या देशातल्या न्यायालयाचा हुकूमनामा हातात येईपर्यंत पैसे देत नाहीत, हे गृहीत धरा.

दावा जर्मनीत करावा लागेल, कारण पैसा तिकडे अडकलाय. तिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च ठरलेल्या दराने भरायचा असतो. युरोपीय संघाबाहेरच्या वादीकडून समोरचा खर्चाची हमीही मागू शकतो. २६,०४० युरोसाठी हे परवडते, पण जेमतेम. म्हणून आधी दडपण आणि मग तडजोड, असा माझा सल्ला. ३४० बसवलेल्या नगांचे पूर्ण पैसे, सॉर्टिंगचे डेबिट मागे, आणि उरलेल्या ८६० नगांतून वीस नग तिथल्याच एखाद्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये दोघांच्या खर्चाने मोजायचे. ०.४च्या आत आले तर तेही पैसे.

त्याआधी शॉपमध्ये तीन कामे करा. या लॉटचे राखून ठेवलेले नग असतील तर त्यांना टॅग लावून कुलपात ठेवा. पीडीआय रिपोर्ट (माल पाठवण्यापूर्वीच्या तपासणीचा) आणि त्या दिवशीच्या सीएमएमचे (मापे घेणाऱ्या यंत्राचे) कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढून ठेवा. आणि स्टँडर्डची प्रत विकत घ्या किंवा भारतीय मानक ब्युरोच्या साइटवर आयएस २१०२ शोधा, ते याच स्टँडर्डवर बेतलेले आहे. तुम्ही मला पाठवलेली आयएसओची पीडीएफ कुणाकडून व्हॉट्सअॅपवर आली ते मी विचारत नाही, पण तिच्या प्रत्येक पानाखाली दुसऱ्याच कंपनीचे नाव परवानाधारक म्हणून छापलेले आहे. ती कोर्टात लावली तर पहिला प्रश्न फ्लॅटनेसचा येणार नाही.

मेल पाठवलात की त्याची प्रत मला द्या, आणि जुन्या ऑर्डरची ती पीडीएफ सापडली तर तीही. तोवर त्यांच्या फोनवर ‘बघतो, करतो’ एवढेही म्हणू नका.