जुन्या कोरोलाचे कोड स्कॅनरशिवाय

अरे, तुझी कोरोला ९३ची आहे ना, मग तो ब्लूटूथवाला स्कॅनर परत करून टाक, तो ज्यावर चालतो ते ओबीडी-टू (गाडीतले बिघाड वाचायची ठरलेली पद्धत) अमेरिकेत १९९६ पासून कंपल्सरी झालं, त्याआधीच्या बहुतेक टोयोटात डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, सांगतो. बॉनेट उघड, डायग्नोस्टिक लिहिलेली छोटी काळी डबी दिसेल, झाकणाच्या आतल्या बाजूला पिनांची नावं असतात. इंजिन बंद ठेवून टीई१ आणि ई१ या दोनच पिना वायरच्या तुकड्याने जोड, नाव दोनदा वाच रे, बी प्लस (बॅटरीचा प्लस) चुकून ई१ला लागलं की फ्यूज गेलाच. मग चावी ऑन कर, स्टार्ट मारू नको.

चेक इंजिन लाइट एकसारखा भराभर लुकलुकला तर कोड नाही. दोनदा, थोडं थांबून परत दोनदा, म्हणजे २२, कूलंट टेंपरेचर सेन्सरचं सर्किट. पण लगेच सेन्सर आणायला पळू नको हां, मी तसाच नवा आणून बसवला आणि निघालं काय तर कनेक्टरची पिन हिरवी पडलेली, नुसती घासायची होती. कोड कागदावर लिहून घे, काम झालं की ईएफआय (इंधन सोडणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज मिनिटभर काढून ठेव, पुसला जातो.