इन्स्टिट्यूट लेव्हलची जागा घ्यावी की कॅपची? मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी एफडी मोडण्यापूर्वी

फलटणच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न सध्या अनेक घरांत चर्चेत असेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. हे गृहस्थ एस.टी.च्या आगारात मेकॅनिक आहेत, वय ५१. त्यांचा पगार आणि पत्नीचे शिलाईकाम मिळून घरात वर्षाला सुमारे सहा लाख रुपये येतात. कुटुंब इतर मागास प्रवर्गातील आहे. थोरल्या मुलीला कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची जागा मिळाली आहे. मात्र तिला कॉम्प्युटर हवे आहे, आणि पुण्यातील एका खासगी महाविद्यालयाने इन्स्टिट्यूट लेव्हल कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतःच्या स्तरावर भरते त्या जागांतून, ती शाखा देऊ केली आहे. तेथील फी वर्षाला १,९०,००० रुपये आणि राहण्याजेवण्याचा अंदाज १,१०,००० रुपये आहे. त्याखेरीज ‘विकास निधी’ म्हणून दीड लाख रुपये रोख मागितले आहेत आणि त्यांची पावती मिळणार नाही. जागा अडवून ठेवण्यासाठी २५,००० रुपये भरूनही झाले आहेत. कर्ज नको, या विचाराने वडिलांनी पाच लाखांची एफडी मोडायची, सुकन्या समृद्धी खात्यातील ३,२०,००० रुपयांपैकी निम्मी रक्कम काढायची, भविष्यनिर्वाह निधीतून तीन लाख उचलायचे आणि उरलेल्या रकमेसाठी दागिने गहाण ठेवायचे, अशी योजना आखली आहे. धाकटा मुलगा नववीत आहे. हे बरोबर होईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो: पुण्याची ही जागा आपण घेऊ नये. मुलीची आवड दुय्यम आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपण दोन महाविद्यालयांच्या फीची तुलना करीत आहात. परंतु चार वर्षांत खिशातून प्रत्यक्ष किती पैसे जातील हे छापील फीपेक्षाही प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर अधिक अवलंबून असते, आणि नेमकी हीच बाब आपल्या हिशेबात आलेली नाही.

वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्वी निम्मी सवलत होती. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती शंभर टक्के केली. ही सवलत शासकीय महाविद्यालयापुरती नाही, खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातही ती मिळते. पण प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती लागू होत नाही. त्यामुळे पुण्याच्या त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी कॅपमधून आलेली मुलगी शिक्षण शुल्क म्हणून काहीही भरत नाही आणि आपली मुलगी मात्र पूर्ण फी भरत राहते, असे चारही वर्षे घडू शकते. कोट्याच्या जागेची किंमत ठरवताना हा फरक तिच्यात मिळवावाच लागतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. पुण्यात वर्षाला तीन लाख याप्रमाणे चार वर्षांचे बारा लाख होतात आणि रोखीचे दीड लाख धरले की साडेतेरा लाख. मेसचे आणि खोलीचे दर दरवर्षी वाढतात, ती वाढ यात धरलेली नाही. कराडला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाल्यावर विकास शुल्क व इतर किरकोळ शुल्के, वसतिगृह, मेस, पुस्तके आणि येण्याजाण्याचा खर्च उरतो. वसतिगृहात खोली मिळाली नाही आणि बाहेर कॉट बेसिसवर राहावे लागले, तरी वर्षाला ९०,००० रुपयांत भागावे असा माझा अंदाज आहे, म्हणजे चार वर्षांत ३,६०,००० रुपये. दोन्ही पर्यायांतील अंतर दहा लाखांच्या जवळ जाते. लॅपटॉप दोन्हीकडे लागणारच आहे, त्यामुळे तो तुलनेबाहेर ठेवला आहे.

दीड लाखांच्या रोख मागणीबद्दल वेगळे सांगावे लागेल. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपेक्षा वर पैसे, घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखाली स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. संस्था स्तरावरील जागासुद्धा अर्ज मागवून गुणवत्तेनुसार भरायच्या असतात. पावती नसलेले पैसे उद्या प्रवेश रद्द केला तर परत मागता येत नाहीत, आणि बँक ते शैक्षणिक कर्जातही धरत नाही. आपण पुण्याचाच निर्णय घेतलात तरीही ही रक्कम देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

कॉम्प्युटरच हवे, हे मुलीचे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण चार वर्षे अभ्यास तिला करायचा आहे. पण त्या इच्छेपुढे केवळ पुण्याची ही एकच जागा आहे, असे समजू नये. कराडची जागा आपण फ्रीज केलेली, म्हणजे अंतिम म्हणून स्वीकारलेली, नसेल आणि नियमानुसार ती आपोआप फ्रीज झालेली नसेल, तर पुढच्या फेरीचा ऑप्शन फॉर्म भरताना सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि पुणे या भागांतील कॉम्प्युटर व आयटी शाखा असलेली, आपल्या पर्सेंटाइलच्या आवाक्यातील महाविद्यालये वरच्या क्रमांकावर टाकावीत. त्यांतील एखादे खासगी महाविद्यालय कॅपमधून मिळाले तर शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत तेथेही लागू होईल. पुण्याच्या कोट्याच्या जागेची खरी तुलना या जागांशी व्हायला हवी. मात्र बेटरमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक पसंतीच्या जागेसाठी थांबल्यावर, वरची जागा मिळाली की आधीची हातातून जाते. म्हणून कराडपेक्षा जे मनापासून अधिक पसंत आहे, तेच वर लिहावे. शिक्षण शुल्क माफ असलेल्या टीएफडब्ल्यूएस जागाही कॅपमध्येच असतात. त्यांचे पर्याय वेगळे भरावे लागतात आणि त्यांचा कटऑफ बहुधा वर असतो.

हे काहीच जमले नाही तरी कराडची इलेक्ट्रॉनिक्सची जागा मी कमी लेखणार नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस भरतीला या शाखेच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी बसता येते. शिवाय स्वायत्त महाविद्यालयांत दुसऱ्या शाखेतील मायनर, म्हणजे काही जोडविषय, घेण्याची, आणि जागा रिकामी असल्यास पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलण्याची सोय असू शकते. या दोन्ही गोष्टी महाविद्यालयाच्या अकॅडेमिक सेक्शनमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचाराव्यात आणि मुलीला सोबत न्यावे. तिचे प्रश्न तिने स्वतः विचारलेले बरे.

आता पैसे कोठून काढायचे ते पाहू. मुलीच्या शिक्षणासाठी सर्वांत आधी तिच्या सुकन्या खात्याला हात लावायचा, असा आपला कल दिसतो आणि तो स्वाभाविक आहे. दहावी झाल्यावर किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. एकदम किंवा वर्षातून एकदा याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत, आणि तीही महाविद्यालयाने मागितलेल्या शुल्काची कागदपत्रे दाखवून. पण या खात्याचा व्याजदर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला आणि त्यावरील व्याज करमुक्त आहे. आपण लिहिल्याप्रमाणे आपल्या एफडीवर पावणेसात टक्के मिळतात. कमी कमावणारा पैसा आधी खर्च करावा आणि जास्त कमावणाऱ्याला वाढू द्यावे, या साध्या विचाराने सुकन्येला आता हात लावू नये. खाते २०१५ साली उघडले आहे, म्हणजे पंधरा वर्षे भरणा करण्याची मुदत २०३० पर्यंत आणि खात्याची मुदत २०३६ पर्यंत आहे. एम.टेक. करायचे ठरले तर तेव्हा हेच पैसे कामाला येतील.

भविष्यनिर्वाह निधीतून तीन लाख काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्या निवृत्तीला सात वर्षे आहेत. ८.२५ टक्के दराने तीन लाखांचे सात वर्षांत सव्वापाच लाखांच्या जवळपास होतात, आणि आज काढलेली ही रक्कम पगारातून पुन्हा तेथे भरणे आपल्याला शक्य होणार नाही. मुलगा बारावीनंतर कॉलेजला जाईल तेव्हा आपण निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल. त्यालाही कॅपमधून प्रवेश मिळाला तर सध्याच्या नियमांनुसार शिक्षण शुल्कात सवलत निम्मीच आहे, हे लक्षात घेता त्याच्या वाट्याचे पैसे आज संपवणे मला पटत नाही.

कराडचे ३,६०,००० रुपये असे उभे करता येतील. पगारातून दरमहा ४,००० रुपये बाजूला काढले की चार वर्षांत १,९२,००० होतात. उरलेले १,६८,००० आणि लॅपटॉपचे साठ हजारांपर्यंत एफडीतून घ्यावेत. एफडीची पावती पाच लाखांची एकच असेल तर ती मुदतीपूर्वी मोडताना साऱ्या रकमेवरचे व्याज घटते. म्हणून मुदत संपताच तिच्या चार पावत्या करून घ्याव्यात: दोन लाखांची एक, जिला घरातील आजारपणाखेरीज हात लावायचा नाही, आणि एक-एक लाखाच्या तीन, ज्यांच्या मुदती दरवर्षीच्या जून-जुलैला येतील. मुदत संपायला बराच अवधी असेल तर मोडण्याऐवजी त्याच पावतीवर बँकेकडून थोडी उचल घेणे बहुधा स्वस्त पडते. दोन्ही आकडे शाखेत विचारून घ्यावेत. दागिने गहाण ठेवण्याची वेळ यात येत नाही.

कर्जाची आपली भीती मात्र पूर्णपणे खरी नाही. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत मार्जिनशिवाय, म्हणजे स्वतःचा वाटा न घालता, आणि साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते. हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होतो. भीती बाळगायचीच असेल तर ती रकमेची बाळगावी. पुण्यासाठी साडेसात लाखांचे कर्ज चार समान हप्त्यांत उचलले आणि दर साडेनऊ टक्के धरला, तर परतफेड सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच ते दहा लाखांच्या घरात जाते, आणि दहा वर्षांच्या मुदतीने दरमहा सुमारे १२,९०० रुपये हप्ता बसतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मुलीच्या पगारातून एवढी रक्कम जाणे जड आहे. कराडसाठी दोन लाखांचे छोटे कर्ज घ्यावेसे वाटले तर त्याला माझी हरकत नाही, विशेषतः शिक्षण चालू असतानाच आपण दरमहा व्याज भरत राहाल तर, कारण मग मुद्दल फुगत नाही आणि काही बँका व्याजात सवलतही देतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील करबचतीसाठी कर्ज घ्या, असे कोणी सुचवले तर तो विचार सोडून द्यावा. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि आपल्या उत्पन्नावर मुळात करच लागत नाही.

सवलतीचा सारा हिशेब कागदपत्रांवर उभा आहे, म्हणून तिकडे आजच लक्ष द्यावे. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, मुदतीत असलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि मुलीच्या आधारशी जोडलेले बँक खाते एवढे तयार हवे. जातवैधता अजून समितीकडे अडकली असेल तर पावती जपून ठेवून पाठपुरावा करावा. राखीव प्रवर्गातील प्रवेशच त्यावर अवलंबून असतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील सवलतीचा अर्ज पहिल्या वर्षी एकदा भरून भागत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि ते विसरल्यामुळे दुसऱ्या वर्षाची फी भरावी लागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे गेला की नाही, हे मुलीने शिष्यवृत्ती विभागात विचारत राहावे.

पुण्यात भरलेले २५,००० रुपये बुडतील म्हणून तेथेच प्रवेश घ्यावा, असे आपल्या पत्रात एके ठिकाणी आले आहे. ते बुडण्याचे कारण नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केल्यास महाविद्यालयाला जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत करावी लागते, आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि तोच अर्ज महाविद्यालयाच्या ई-मेलवरही पाठवावा. कराडच्या जागेचे रिपोर्टिंग, म्हणजे महाविद्यालयात हजर राहून प्रवेश निश्चित करणे, मात्र हा परतावा हाती येण्याची वाट न पाहता आधी पूर्ण करावे, कारण ती मुदत चुकली तर हा सारा हिशेब नव्याने मांडावा लागेल.