ऑटिझमच्या तपासणीला जाण्याआधी

ताई, मूल दीड वर्षाचं होऊनही हाकेला वळत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे घरातलं पालुपद बाजूला ठेवा. आधी कान तपासा. टाळीला दचकतो म्हणजे नीट ऐकू येतं, असं नाही. बेरा चाचणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी तपासणी, झोपेत होते. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. नाहीतर ऐनवेळी ते टक्क जागं राहतं आणि पुढची तारीख मिळते.

16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही ऑटिझमची शक्यता पाहणारी 20 प्रश्नांची चाळणी आहे. 3 ते 7 गुण आले तर सविस्तर मुलाखत, 8 किंवा जास्त आले तर थेट मूल्यमापन. चाळणी म्हणजे निदान नव्हे.

विकासात्मक बालरोगतज्ज्ञाकडे जाताना मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ न्या: जेवताना, इतर मुलांत, एकटं खेळताना. गाडी उलटी करून चाकच फिरवत बसणं दवाखान्यात दिसेलच असं नाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का विचारा. तिथे तपासणी मोफत होते.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ‘इसा’ ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय मोजपट्टी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण. एकूण गुण 70 च्या खाली असतील तर ऑटिझम धरत नाहीत. इथे पालक हमखास घोटाळा करतात, लाजेपोटी सगळंच ‘कधीकधी’ सांगतात. रोज होतं ते रोज होतं म्हणूनच सांगा. आणि दाखल्यासाठी थेरपी थांबवू नका.