सेलबोटचं इंजिन वर्षाला जेमतेम 30 तास चालतं, तरी ऑइल बदलायचं का? आणि इंजिनाखाली हात जात नसेल तर कसं?

हो, बदलायचंच. तास कमी भरले म्हणून ऑइल चांगलं राहत नाही. धक्क्यापासून बाहेर पडेपर्यंत दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि शिडं चढली की बंद, अशा वापरात ते नीट तापतच नाही. ऑइलमध्ये ओलावा आणि ज्वलनातली आम्लं साठतात आणि बोट उभी असताना बेअरिंग खात राहतात. म्हणून तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा बदला, आणि तेही मोसम संपताना, बोट बंद करून ठेवण्याआधी.

ऑइल सोडायच्या खालच्या ड्रेन नटाच्या नादी लागू नका. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून हातपंपाने ओढून घ्या. आधी इंजिन गार करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग इंजिन बंद करून पंपाची बारीक नळी तळाला टेकवा आणि केसभर वर घ्या. पंप गुरगुरू लागला की नळी जरा फिरवून पुन्हा ओढा, हमखास अजून थोडं निघतं.

फिल्टर बऱ्याच छोट्या इंजिनांवर आडवा असतो, सैल करताच ऑइल सांडतं. त्यावर जाड पिशवी चढवून पिशवीतच फिरवा. निघाल्यावर त्याची रबरी रिंग सोबत आली का, हे हाताचं बोट फिरवून बघा. माझी एकदा इंजिनालाच चिकटून राहिली. काळ्यावर काळी, दिसलीच नाही. त्यावरच नवा फिल्टर बसवला आणि इंजिन सुरू करताच ऑइलची धार बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात. बिल्जचा ऑटोमॅटिक पंप चालू असता तर ते सगळं समुद्रात गेलं असतं. तेव्हापासून कामाला हात लावण्याआधी त्या पंपाचा स्विच बंद करते.

नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हातानेच आवळा.

काढलेलं ऑइल नीट बघा. डिझेल इंजिनचं काळंच असतं, त्याची काळजी नको. दुधाळ, करडं दिसलं तर मात्र पाणी शिरलंय. नवं भरून निभावून नेऊ नका, आधी कारण शोधा. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास, म्हणजे इंधन झिरपतंय.

नवं ऑइल थोडं कमीच भरा, दोन मिनिटं इंजिन चालवून फिल्टरभोवती कोरडा कागद फिरवा, दहा मिनिटांनी पातळी बघून उरलेलं घाला. बोट एका बाजूला कललेली असताना डिपस्टिक खरं सांगत नाही. जुनं ऑइल डब्यात बंद करून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडेच द्या.